ऊब खाली, सामान वर

इंग्लंडमधलं साधं घर बाहेरून दुमजली दिसतं, पण त्याला एक तिसरा मजलाही असतो, जो कुणी मोजत नाही. जिन्याच्या माथ्याशी छतात एक चौकोनी झाकण असतं. ते उघडून शिडी खाली ओढली की वर कौलांखालचा अंधार, मधोमध जेमतेम उभं राहण्याइतकी उंची आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेलं छप्पर. हा लॉफ्ट. घर बघायला आलेला मराठी माणूस स्वयंपाकघर, बाग, शाळेचं अंतर वगैरे विचारून झालं की हळूच या झाकणाकडे बघतो. त्याला बॅगांची चिंता असते.

परदेशातल्या मराठी घरांतल्या बॅगा हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. तेवीस किलोवाल्या, चाक मोडलेल्या, चाक बदलून आणू म्हणून ठेवलेल्या, एकीच्या पोटात दुसरी आणि दुसरीच्या पोटात तिसरी. शिवाय गणपतीचं मखर, आकाशकंदील, पाळणा, मुलांना लहान झालेले स्वेटर आणि "पुढच्या खेपेला भारतात नेऊन देऊ" म्हणून बाजूला काढलेलं, कधीच न नेलेलं सामान. यातलं निम्मं टाकून द्यायला हवं हे घरात सगळ्यांना मान्य असतं. कुठलं निम्मं, यावर घोडं अडतं.

आमचं घर हॅरोमधलं, १९३० च्या दशकातलं. लंडनच्या वायव्येला मेट्रोपॉलिटन रेल्वेचे रूळ आधी गेले आणि मग दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्या रुळांच्या कडेने अशी जोडघरं भराभर बांधली गेली, मधल्या एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन संसार. त्या काळात छप्पर सुतार जागेवर लाकूड कापून उभारत. वर आढं, आढ्यापासून उतरणारे वासे, वाशांना मधे आधार देणारी आडवी तुळई. राजापूरकडचं माझं सासरचं घर ज्याने आतून पाहिलंय त्याला यात नवं काही वाटणार नाही. १९६० च्या दशकानंतर मात्र इथे कारखान्यात जोडून आणलेले त्रिकोणी सांगाडे आले. त्यांच्या पोटात लाकडी पट्ट्यांची तिरकी जाळी असते. काम हलकं, स्वस्त, झटपट. पण त्यातली एक पट्टी सामानाला आड येते म्हणून कापली तर छप्पर खचू शकतं. शिवाय खालच्या पट्टीवर सामानासाठी धरलेला भार असतो चौरस मीटरला २५ किलो. म्हणजे एक भरलेली बॅग, आणि तीही दिवाळी अंकांची नको.

जुनी घरं त्या मानाने दणकट, असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं. आमच्या लॉफ्टमधल्या जमिनीच्या तुळया चार इंच उंच आणि दोन इंच जाड आहेत. खालच्या खोलीचं छत धरून ठेवणं एवढंच काम त्यांना नेमून दिलेलं. त्यांच्यावरून कुणी चालेल, ट्रंका रचेल, हा विचार ते लाकूड बसवणाऱ्याच्या मनात आलेला नसणार. दोन तुळयांच्या मधे पाऊल पडलं तर ते प्लास्टर फोडून थेट खालच्या खोलीत उतरतं. इथे प्रत्येकाच्या ओळखीत असा एक पाय असतोच.

तुळयांच्या मधे ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीचा, एक मळकट पिवळा, चेपून गेलेला थर होता. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर लॉफ्टमध्ये हे वूल अंथरायची मोहीम इथे जोरात निघाली. १९७८ साली होम्स इन्सुलेशन ॲक्ट आला आणि त्यासाठी अनुदान मिळू लागलं. आमचा थर बहुधा त्याच सुमाराचा. त्याआधीची चाळीसेक वर्षं या घरातली ऊब सरळ कौलांतून आभाळात जात असणार. काही अंथरलेलं नसेल तर घरातली साधारण पाव ऊब छपरातून जाते, हे वाचलेलं होतं, पण त्या वाक्यातली पाव ही आपल्या पैशातली पाव आहे हे बिल हातात पडेपर्यंत डोक्यात शिरत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात, घरांतली ऊब अडवायची सोय करा अशी मागणी घेऊन 'इन्सुलेट ब्रिटन' म्हणणारी मंडळी लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर ठाण मांडून बसली, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या लोकांनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. त्या हिवाळ्यात ठरवून दिलेल्या कमाल दराने साधारण घराचं गॅस-विजेचं वर्षाचं बिल १२७७ पौंड होत होतं. पुढच्या ऑक्टोबरात, सरकारने पदरचे पैसे घालूनही, तोच आकडा २५०० वर गेला. मग शिव्या घालणारे एकेक करून आपापल्या लॉफ्टमध्ये चढले. आम्हीही चढलो.

आता वूलच्या जाडीची शिफारस आहे २७० मिलिमीटरची. पहिला थर १०० मिलिमीटरचा, तुळयांच्या मधे. दुसरा १७० चा, तुळयांवरून आडवा, म्हणजे लाकडातून निसटणारी ऊबही त्याखाली सापडते. (खरं सांगायचं तर बरंचसं काम पहिल्या शंभरातच होतं. पुढचा थर उरलेल्या गळतीसाठी.) आणि भांडण सुरू होतं ते इथेच. तुळई १०० मिलिमीटर उंच आणि सामानासाठी फळ्या मारायच्या तर त्या तुळईवर. मग वरचा १७० चा थर जाणार कुठे? नवऱ्याचा हिशोब सरळ होता. त्याने चिपबोर्डच्या फळ्या आधीच गाडीत घालून आणल्या होत्या. १८ मिलिमीटर जाडीच्या, झाकणाच्या चौकोनातून वर जाव्यात म्हणून अरुंद कापलेल्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या. वूल अंथरू, वरून फळी दाबून स्क्रू पिळू. दाबलं की मावतं, हे त्याने बॅगा भरता भरता शिकलेलं ज्ञान.

आमच्याकडे आलेला सुतार साठीचा होता, पँटच्या गुडघ्यांना जाड पॅड शिवलेला. त्याने दाबायला साफ नकार दिला. म्हणाला, दाबायचंच असेल तर वूल आणू नका, तेवढे पैसे वाचतील. ग्लासवूलमध्ये ऊब काच अडवत नाही. अडवते ती तंतूंमधे कोंडलेली, हलू न शकणारी हवा. फळीने दाबलं की हवा निघून जाते आणि मागे नुसती काच उरते. पिंजाऱ्याकडून नुकती पिंजून आणलेली गादी आणि दहा वर्षं अंग टाकून चपटी झालेली गादी, दोन्हींत कापूस तेवढाच असतो. थंडीत कुठलीवर झोपावं हे कुणाला शिकवावं लागत नाही. हे मी नवऱ्याला आईच्या घरच्या गाद्यांची आठवण देऊन सांगितलं, तेव्हा कुठे फळ्या परत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मग सुताराने तुळयांवर फळ्यांसाठी पाय बसवले. १७५ मिलिमीटर उंचीचे प्लास्टिकचे खुंट मिळतात. ते ठरावीक अंतराने तुळयांवर स्क्रूने बसवायचे आणि खुंटांच्या डोक्यावर फळ्या. शंभर अधिक एकशे पंचाहत्तर. खाली सत्तावीस सेंटिमीटरचं वूल न दबता पसरून बसतं. खिळे कुठेही ठोकायचे नाहीत, कारण हातोड्याच्या हादऱ्याने खालच्या छताचं प्लास्टर तडकतं. विजेच्या वायरी वूलखाली गाडायच्या नाहीत, त्या तापतात. गाडाव्याच लागल्या तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारायचं. आणि लॉफ्टमध्ये पाण्याची टाकी असेल तर तिला वरून आणि चहूबाजूंनी गुंडाळायचं, पण तिच्या बुडाखाली वूल घालायचं नाही. खालच्या खोलीतून येणारी थोडीशी ऊब तिला मिळू द्यायची, नाहीतर जानेवारीत पाणी गोठेल. एवढ्या काटेकोर हिशोबात टाकीसाठी म्हणून मुद्दाम सोडलेली ही गळती मला फार आवडली.

खुंटांनी मधली उंची जवळजवळ वीतभर खाल्ली. नवरा आता वर वाकून चालतो. मला फरक पडत नाही.

संपूर्ण लॉफ्टभर फळ्या मारायच्या या त्याच्या बेताला मात्र मी शेवटपर्यंत विरोध केला आणि झाकणाभोवतीच्या मधल्या पट्ट्यापुरत्याच मारून घेतल्या. भाराचं कारण होतंच. दुसरं कारण कडेच्या हवेचं. छप्पर जिथे भिंतीवर उतरतं तिथून बाहेरची हवा आत यायला हवी, किमान ५० मिलिमीटरची वाट मोकळी हवी. त्या कोपऱ्यांत वूल कोंबलं किंवा खोकी सारली की वाट बंद होते. तिसरं कारण मी बोलून दाखवलं नाही: जितकी फळी तितकं सामान होतं.

काम चालू असताना एका वाशाच्या आडोशाला गांधीलमाश्यांचं जुनं, रिकामं घरटं निघालं, भल्या मोठ्या नारळाएवढं, करडं, फुंकर मारली तरी पापुद्रे उडतील असं. मुलीने ते बुटाच्या खोक्यात घालून शाळेत नेलं. वटवाघळं निघाली असती तर एवढ्यावर भागलं नसतं. त्यांना इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचा मुक्काम निघाला तर हातातलं काम थांबवून आधी जाणकाराला विचारावं लागतं.

पुढच्या हिवाळ्यात खालच्या खोल्या थोड्या उबदार झाल्या. थोड्याच, उगाच वाढवून सांगत नाही. खरा फरक वर पडला. लॉफ्ट गार झाला, आधीपेक्षा कितीतरी गार. यात नवल काही नाही. पूर्वी आमच्या हातून निसटलेल्या उबेवर त्याचं थोडंफार भागत होतं, ती आता बंद झाली. जानेवारीच्या रात्री तिथे बाहेरच्याइतकी थंडी असते आणि जुलैत ऊन पडलं की कौलं तापून आत उभं राहवत नाही. म्हणजे घर जितकं नीट गुंडाळावं तितका लॉफ्ट घरापासून तुटतो. वूलचा थर ही घराची हद्द. तिच्या खालचं ते घरात, वरचं ते बाहेर, मग डोक्यावर कौलं असोत की नसोत. सामानासाठी फळ्या मारताना हे कुणी सांगत नाही. सांगतात ती फक्त वाढलेल्या जागेची गोष्ट. माझ्या मते फळ्या मारायच्या आधी घरातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: तुला बाहेर ठेवलं तर चालेल का?

कारण थंडीमागोमाग ओल येते. आपल्या घरांत वाफ काही कमी नसते. कुकरच्या शिट्ट्या, सकाळच्या एकामागोमाग एक आंघोळी, बाहेर पाऊस म्हणून रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. ही दमट हवा झाकणाच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून वर जाते. कौलांच्या खाली जुन्या घरांत डांबरी फेल्ट असतं, त्यातून वाफ पार जात नाही. गार फेल्टला लागली की तिचं पाणी होतं. कडाक्याच्या थंडीत खालच्या बाजूला पांढरं हिव धरतं आणि दुपारी ऊन आलं की ते ठिबकायला लागतं. लोक म्हणतात कौल फुटलं, आणि छपरवाल्याला बोलावतात. कौल शाबूत असतं. आपलाच वरणभात वर जाऊन परत खाली आलेला असतो. म्हणून झाकणाच्या पाठीला वूल चिकटवून कडेने रबरी पट्टी लावायची, म्हणून न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप लॉफ्टमध्ये मोकळा न सोडता छपराबाहेर काढायचा, आणि म्हणूनच ती ५० मिलिमीटरची वाट. वाशांच्या मधे फोम फवारून देतो म्हणणारे दारावर येतात, त्यांना मी दारातूनच परत लावते. फोमखाली लाकडाची ओल कोंडली तर ती दिसतही नाही, आणि असं छप्पर असलेल्या घरावर कर्ज द्यायला इथल्या कित्येक संस्था तयार नसतात.

त्या एका प्रश्नाने वाटणी आपोआप झाली. पैठण्या खालीच, ओलीत जर काळी पडते. हार्मोनियम खाली, नाहीतर थंडी-उन्हाच्या खेचाखेचीत लाकडाचे सांधे सुटतात आणि भात्याला चिरा जातात. लग्नाचा अल्बम खाली, त्याची पानं एकमेकांना चिकटली तर सोडवणारा कुणी नाही. दिवाळी अंक खाली. बॅगा, स्टीलची मोठी पातेली, तंबू, झाकणाचे प्लास्टिकचे डबे वर.

मखरावर जरा अडलं. आमचं मखर थर्माकोलचं, खूप वर्षांपूर्वी एका मोठ्या बॅगेतून तुकड्या-तुकड्यांनी आलेलं. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली, पण त्याआधी समुद्रापार आलेली मखरं इथल्या लॉफ्टांमधून सुखरूप आहेत. आमचं एका वायरीला टेकून उभं होतं. सुताराने ते दोन्ही हातांनी उचलून लांब ठेवलं. मखर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण थर्माकोल आणि वायर एकमेकांना लागू द्यायचे नाहीत हे पक्कं ठाऊक होतं. वायरीचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते थर्माकोल ओढून घेतो. कालांतराने वायरीचं आवरण कडक होऊन तडकू शकतं. एवढी वर्षं आमच्या बाप्पाची कमान आमच्याच वायरी शोषत उभी होती. आता ती जुन्या चादरीत गुंडाळून वायरींपासून दूर, फळीच्या पार टोकाला असते.

हे सगळं करताना सासरचा माळा सारखा डोळ्यांपुढे येत होता, कारण तिथलं शास्त्र अगदी उलटं. राजापूरच्या घरात स्वयंपाकघरावरच्या माळ्याला बांबूंच्या मधे मुद्दाम फटी ठेवलेल्या होत्या. चुलीची धग आणि धूर वर जावा हीच इच्छा. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात सगळ्या घरात कोरडी अशी जागा ती एकच. म्हणून पेंढ्याच्या मुड्यात बांधलेलं भाताचं बियाणं तिथे. धुराने त्याला कीड लागत नसे. नारळ तिथे, सोलं तिथे, पावसाळ्याची लाकडं तिथे, कार्याला लागणारी तांब्यापितळेची भांडी तिथे. घरातली सगळ्यात जपायची वस्तू घरातल्या सगळ्यात उबदार जागी. आणि उन्हाळ्यात तोच माळा कौलांची धग आपल्या अंगावर घेई. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाई आणि खाली माजघरात दुपारी गार वाटे. घाटावर हेच काम माळवद करतं, पण वेगळ्या रीतीने. लाकडी फळ्यांवर चांगला जाड मातीचा थर. माती जड, ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री सावकाश सोडते. ग्लासवूलचं तसं नाही, ते काही साठवत नाही, नुसतं अडवतं.

पण माळ्याचं फार कौतुक माझ्या सासूबाईंपुढे करायची सोय नाही. त्या धुरात त्यांनी उमेदीची वर्षं काढली आहेत. गॅस आला तो दिवस त्यांना तारखेनिशी आठवतो. धूर थांबल्यावर माळ्यावर उंदीर झाले आणि बांबूंना भुंगा लागला, हे त्या अगदी निर्विकारपणे सांगतात.

गेल्या मे महिन्यात भाऊजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा फोन आला. माकडांनी कौलं फोडून फोडून जीव नकोसा केला म्हणून त्यांनी कौलं उतरवून पत्रे घातले होते. आमच्या गावात निम्म्या घरांची हीच कथा. आता माळ्यावर पाय ठेववत नाही आणि दुपारी माजघरही तापतं.

"वहिनी, तुमच्याकडची ती लोकर इथे चालेल का?"

मी म्हटलं, "चालेल, पण आधी पत्र्यावर पांढरा रंग मारून घ्या. ऊन वरच्या वर परतलं तर निम्मं काम तिथेच होईल. मग दोन्ही टोकांच्या भिंतींत अगदी वर झरोके ठेवा, तापलेली हवा निघून जाऊ दे. वूल शेवटी, माळ्याच्या जमिनीवर. पण पावसात पत्रा रात्री गार पडला की आतून ठिबकणार. भिजलेल्या वुलाचा काही उपयोग नाही, आणि उंदरांना ते फार आवडतं. जाळी नीट मारा."

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पेनाने काहीतरी लिहून घेतल्याचाही आवाज आला.

"आणि वूल घातल्यावर वर ठेवायचं काय?"

"काहीच नाही. दबतं ते."

"काहीच नाही कसं? माळा आहे तो, वहिनी."

मी खुंटांचं सांगायला लागले, तर ते म्हणाले की खुंट करायला फणसाच्या जुन्या फळ्या पडल्याच आहेत, त्याची काळजी नको. रंग पावसाआधी झाला. वुलाचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. नारळ मात्र वर चढलेसुद्धा, असं सासूबाईंनी परवा फोनवर सांगितलं.